सम्राट, राजा, ड्यूक, इत्यादी, इत्यादी

व्हिएन्नाच्या दरबारातून एखादी मोठी सनद निघाली की तिच्या माथ्यावर हा मजकूर असे:

‘आम्ही, फ्रान्झ योझेफ पहिला, ईश्वरकृपेने ऑस्ट्रियाचा सम्राट, हंगेरीचा अपोस्टोलिक राजा, बोहेमिया, डाल्मेशिया, क्रोएशिया, स्लाव्होनिया, गॅलिशिया, लोडोमेरिया आणि इलिरिया यांचा राजा, जेरुसलेमचा राजा, इत्यादी, ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक, टस्कनी आणि क्राको यांचा ग्रँड ड्यूक, लोरेन, साल्झबुर्ग, स्टिरिया, कॅरिंथिया, कार्निओला आणि बुकोव्हिना यांचा ड्यूक, ट्रान्सिल्व्हेनियाचा ग्रँड प्रिन्स, मोराव्हियाचा मार्ग्रेव्ह, अप्पर आणि लोअर सायलेशिया, मोडेना, पार्मा, पिआचेन्झा आणि ग्वास्टाला, ऑशविट्झ आणि झाटोर, टेशेन, फ्रिउली, रागुसा आणि झारा यांचा ड्यूक, हॅब्सबर्ग आणि टिरोल, किबुर्ग, गोरित्सिया आणि ग्राडिस्का यांचा प्रिन्सच्या दर्जाचा काउंट, ट्रेंट आणि ब्रिक्सेनचा प्रिन्स, अप्पर आणि लोअर लुसेशियाचा आणि इस्ट्रियातला मार्ग्रेव्ह, होहेनएम्स, फेल्डकिर्श, ब्रेगेन्झ, झोनेनबर्ग यांचा काउंट, इत्यादी, ट्रिएस्ट, कात्तारो आणि विंडिश मार्क यांचा स्वामी, सर्बियाच्या व्होइव्होडशिपचा ग्रँड व्होइव्होड, इत्यादी, इत्यादी.’

फ्रान्झ योझेफ २ डिसेंबर १८४८ रोजी, वयाच्या १८ व्या वर्षी गादीवर आला आणि २१ नोव्हेंबर १९१६ रोजी वारला. वरचा मजकूर हा त्याचा १८६६ नंतरचा ‘मोठा किताब’. प्रत्येक जागा सुटी धरून मोजलं तर ५१ पदं भरतात. त्यात सम्राटपद एक, राजेपदं ९, ड्यूकपदं १८. अप्पर आणि लोअर सायलेशिया एकत्र धरले, किंवा ऑशविट्झ-झाटोर ही जोडी एकच मानली, की बेरीज बदलते. त्यामुळे हा आकडा ठिकठिकाणी वेगळा वाचायला मिळतो, आणि त्यात कोणाची चूक असतेच असं नाही. शिवाय तीन ठिकाणी ‘इत्यादी’ आहे, शेवटी तर दोनदा.

ही यादी बहुतेक वेळा गंमत म्हणून वाचली जाते. गंमत तिच्यात भरपूर आहेच. पण ती बडेजाव म्हणून वाचली की निम्मी गंमत हातची जाते. ती वाचायची सातबाराच्या उताऱ्यासारखी: कोणती जमीन कोणत्या लग्नातून आली, कोणती तहात मिळाली, कोणती कसायला दुसऱ्याकडे गेली तरी नोंद मात्र उडाली नाही. प्रत्येक नावाला तीन प्रश्न विचारायचे. हे कसं मिळालं? प्रत्यक्ष ताबा कधी गेला? आणि ताबा गेल्यावरही नाव का ठेवलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत मजेदार असतं.

आधी व्यवहाराची बाजू. हा किताब दरबाराने तीन मापांत ठरवून ठेवला होता: मोठा, मधला आणि लहान. मोठा क्वचितच बाहेर निघे. मधल्यात सम्राटपद, राजेपदं, आर्चड्यूकपद आणि मोजके मोठे प्रांत असत. रोजच्या कारभाराला लहान पुरे. लहान किताबाचा मसुदा १८६८ च्या नोव्हेंबरात पक्का झाला: ‘ऑस्ट्रियाचा सम्राट, बोहेमियाचा राजा इत्यादी, आणि हंगेरीचा अपोस्टोलिक राजा’. या एका ओळीत सगळं राजकारण आहे. हंगेरीशी १८६७ मध्ये समझोता होऊन साम्राज्याचे ऑस्ट्रिया आणि हंगेरी असे बरोबरीचे दोन अर्धे झाल्यावर हंगेरीचं नाव ‘इत्यादी’च्या आधी, इतर प्रांतांच्या रांगेत येऊन चालणार नव्हतं. म्हणून ते ‘आणि’च्या पलीकडे, स्वतंत्र. (‘अपोस्टोलिक’ हे विशेषण पोप तेरावा क्लेमेंट याने १७५८ मध्ये हंगेरीची तेव्हाची राणी मारिया थेरेसा हिला मान्य करून दिलेलं.)

तो ‘आणि’ पुढेही गाजला. १८६७ पूर्वी सरकारी पाट्यांवर ‘का. का.’ ही अक्षरं असत: सम्राटाचं-राजाचं. समझोत्यानंतर दोन्ही अर्ध्यांच्या सामाईक खात्यांना ‘का. उंड का.’, म्हणजे सम्राटाचं ‘आणि’ राजाचं, असं म्हणायचं ठरलं. फक्त ऑस्ट्रियन अर्ध्यात ‘का. का.’ राहिलं आणि हंगेरीत ‘हंगेरियन शाही’. सैन्य मात्र सामाईक असूनही जुन्याच नावाने चालू राहिलं. हंगेरीने धोशा लावल्यावर १८८९ मध्ये त्याच्या नावात ‘आणि’ आला. जुना लष्करी कागद किंवा बिल्ला हाती आला तर त्याचा काळ ठरवायला हा ‘आणि’ आजही उपयोगी पडतो.

आता एकेक नाव घेऊ.

जेरुसलेमपासून सुरुवात करणं योग्य, कारण तिथे हॅब्सबर्गांनी, म्हणजे फ्रान्झ योझेफच्या घराण्याने, कधीच राज्य केलं नाही. क्रुसेडरांचं, म्हणजे धर्मयुद्धासाठी आलेल्या युरोपीय ख्रिश्चनांचं, ते राज्य १२९१ मध्ये आक्रे पडल्यावर संपलं. त्यावरचा दावा मात्र घराण्याघराण्यांत फिरत राहिला. आंजूच्या घराण्याकडून तो लोरेनच्या ड्यूकांकडे आला आणि लोरेनचा फ्रान्झ स्टीफन मारिया थेरेसाचा नवरा झाल्यावर व्हिएन्नात. दुसरी वाट नेपल्समार्गे स्पेनच्या राजांकडे गेली, तिसरी सायप्रसमार्गे सॅव्हॉयच्या घराण्याकडे. हेच सॅव्हॉय १८६१ मध्ये इटलीचे राजे झाले. १८८२ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरी, जर्मनी आणि इटली यांनी त्रिपक्षीय करार केला, तेव्हा तिघांपैकी दोन सह्या करणारे आपापल्या पूर्ण किताबात जेरुसलेमचे राजे होते. माद्रिदमध्ये तिसरा राजा होता तो वेगळाच. खुद्द जेरुसलेम या सगळ्या काळात तुर्की सुलतानाकडे. फ्रान्झ योझेफ १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझ कालव्याच्या उद्घाटनाला जाताना जेरुसलेमला गेला, तिथल्या ऑस्ट्रियन यात्रेकरू-निवासात उतरला. जेरुसलेमचा राजा जेरुसलेमला सुलतानाचा पाहुणा म्हणून गेला आणि त्यात कोणालाही वावगं वाटलं नाही.

वावगं का वाटलं नाही, याचं उत्तर युरोपच्या तहांमध्ये आहे. किताबातलं नाव म्हणजे दावा. नाव वगळलं तर दावा सोडल्यासारखं होतं आणि पुढे कधी वारसाचा प्रश्न निघाला तर हातात काही उरत नाही. समोरच्यानेही ते नाव निमूट वाचलं तर मान्य केल्यासारखं होतं. यावर वकिली तोडगा निघाला होता. १७६३ च्या पॅरिसच्या तहात वेगळं कलम आहे: करार करणाऱ्यांनी वापरलेले काही किताब सर्वमान्य नाहीत, आणि ते इथे लिहिल्याने कोणाच्याही हक्काला बाध येणार नाही. त्याची गरज होतीच. तहावर एका बाजूला फ्रान्सचा राजा होता आणि दुसऱ्या बाजूला ब्रिटनचा तिसरा जॉर्ज, ज्याच्या किताबात ‘फ्रान्सचा राजा’ हेही होतं! ब्रिटनने तो किताब सोडला तो थेट १ जानेवारी १८०१ ला.

या सगळ्या यादीत आमचं सर्वांत लाडकं पद आर्चड्यूक. ड्यूक पुष्कळ, ग्रँड ड्यूकही बरेच, पण आर्चड्यूक फक्त ऑस्ट्रियाचा. हे पद जन्मलं ते बनावट कागदातून. १३५६ मध्ये पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट चौथा चार्ल्स याने ‘गोल्डन बुल’ नावाचं फर्मान काढून सम्राट निवडणारे सात मानकरी ठरवले. ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्गांना त्यांत जागा मिळाली नाही. ऑस्ट्रियाचा ड्यूक चौथा रुडॉल्फ हा याच चार्ल्सचा जावई. सासऱ्याने डावलल्याचा राग त्याने शाई-कागदावर काढला. १३५८-५९ मध्ये त्याच्या कचेरीत पाच जुन्या सनदा ‘सापडल्या’. त्यांत ऑस्ट्रियाला खास अधिकार, खास मुकुट आणि आर्चड्यूक हे पद दिलेलं होतं. एका सनदेत तर ज्युलियस सीझर आणि नीरो या रोमन सत्ताधीशांची पत्रं उद्धृत केलेली होती.

चार्ल्सने ती पत्रं तपासायला कवी आणि विद्वान पेत्रार्काकडे पाठवली. १३६१ मधलं पेत्रार्काचं उत्तर वाचताना आजही मजा येते, कारण त्याने शिक्के किंवा कागद पाहिलाच नाही, भाषा पाहिली. पत्रातला सीझर स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो; सीझर स्वतःसाठी असं अनेकवचन वापरत नसे. पत्रात तो ‘ऑगस्टस’ हे पद लावतो. ते पद सीझरच्या नंतर आलेल्या ऑक्टेव्हियनपासून सुरू झालं. तारीख घालण्याची पद्धतही चुकलेली. पेत्रार्काचा निष्कर्ष एकच होता: हे खोटं आहे.

तरीही आर्चड्यूक टिकला. पुढच्या शतकात हॅब्सबर्गांपैकीच तिसरा फ्रेडरिक सम्राट झाला आणि १४५३ मध्ये त्याने सम्राट या नात्याने स्वतःच्या घराण्याची ती सनद कायम केली. बनावट कागदाला खरा शिक्का मिळाला आणि त्या दिवसापासून पद कायदेशीर झालं. १८५२ मध्ये विल्हेल्म वाटेनबाख या इतिहासकाराने सनदांचं बनावटपण शास्त्रशुद्ध मांडलं. तेव्हा फ्रान्झ योझेफला गादीवर येऊन चार वर्षं झाली होती. किताबात काहीही बदललं नाही, आणि बदलायचं कायदेशीर कारणही नव्हतं. १४५३ ची मान्यता खरीच होती.

दुसरी तऱ्हा म्हणजे घराण्याचं मूळ गावच परक्याच्या ताब्यात असणं. ज्या किल्ल्यावरून घराण्याला नाव पडलं तो हॅब्सबर्ग स्वित्झर्लंडच्या आरगाऊ कँटनमध्ये आहे. १४१५ मध्ये जर्मन राजा सिगिसमुंडने ड्यूक फ्रेडरिक याला राज्यबाह्य ठरवल्यावर बर्नच्या लोकांनी हा मुलूख घेतला, तो परत मिळाला नाही. म्हणजे फ्रान्झ योझेफ ‘हॅब्सबर्गचा काउंट’ म्हणवत होता तेव्हा हॅब्सबर्ग हातातून जाऊन ४०० हून अधिक वर्षं झाली होती. किबुर्गही तसंच, तेही स्वित्झर्लंडमध्ये, झुरिकच्या बाजूला. लुसेशिया १६३५ च्या प्राग तहात सॅक्सनीला दिला गेला, पण बोहेमियाच्या राजाकडून मिळालेली जहागीर म्हणून. त्यामुळे कागदोपत्री मूळ धनी बोहेमियाचा राजाच राहिला आणि नाव ठेवायला आधार मिळाला. लोरेन १७३० च्या दशकात टस्कनीच्या बदल्यात सोडलं. जमीन गेली, नाव घराण्याच्या आडनावातही कायम राहिलं. मग टस्कनीही गेली. मोडेना आणि पार्माही १८५९-६० मध्ये इटलीच्या एकीकरणात गेले. ही तिन्ही यादीत शेवटपर्यंत आहेत.

मग उत्तर इटलीतलं लोम्बार्डी-व्हेनेशियाचं राज्य, जे १८६६ पूर्वी किताबात होतं, ते का वगळलं? कारण तिथे तह झाला. १८६६ च्या ऑक्टोबरात व्हिएन्नाच्या तहात सम्राटाने ते राज्य इटलीला जोडायला स्वतः संमती दिली. सही करून सोडलेलं नाव किताबात ठेवता येत नाही. टस्कनी आणि मोडेना इथे त्याच्या नातलगांच्या शाखा राज्य करत होत्या, पार्मात बूर्बोन घराणं, आणि या तिन्हींवरचे हक्क सोडल्याचा त्याचा स्वतःचा कागद नव्हता. यादी किती काटेकोर आहे ते इथे कळतं.

सायलेशियाची गोष्ट वेगळी. फ्रेडरिक द ग्रेटने १७४० मध्ये त्यावर स्वारी केली आणि १७४२ पर्यंत बहुतेक भाग प्रशियाच्या पदरात पडला. दक्षिणेची एक पट्टी, टेशेनसह, ऑस्ट्रियाकडे उरली. त्या पट्टीच्या जोरावर ‘अप्पर आणि लोअर सायलेशियाचा ड्यूक’ हे नाव चालू राहिलं. प्रशियाचा राजाही (१८७१ पासून हाच जर्मन सम्राट) स्वतःला सायलेशियाचा ड्यूक म्हणवीच. १९१४ मध्ये खांद्याला खांदा लावून युद्धात उतरलेले दोन सम्राट एकाच प्रांताचे ड्यूक होते.

यादी वाचताना नेहमी होणाऱ्या चुका इथेच सांगून टाकलेल्या बऱ्या. गॅलिशिया म्हणजे स्पेनच्या वायव्य टोकाचा गॅलिशिया नव्हे. हा आजच्या दक्षिण पोलंडचा आणि पश्चिम युक्रेनचा भाग. घोटाळा सहज होतो, कारण स्पेनच्या राजाच्या पूर्ण किताबात त्यांचा स्वतःचा गॅलिशिया आहे. रागुसा म्हणजे सिसिलीतलं गाव नव्हे, डुब्रोव्हनिक. झारा म्हणजे झादार, कात्तारो म्हणजे माँटेनेग्रोतलं कोटोर. कार्निओला म्हणजे आजच्या स्लोव्हेनियाचा मध्यभाग; जर्मनमध्ये त्याला क्राइन म्हणतात आणि घाईत वाचणारा त्याचं युक्रेन करून टाकतो. नकाशावर या जागा शोधायच्या तर आजची सरहद्द बाजूला ठेवून नदी आणि शहर धरून शोधाव्यात, लवकर सापडतात.

गॅलिशिया आणि लोडोमेरिया ही जोडी खास आहे. हालिच आणि व्होलोदिमिर या दोन जुन्या संस्थानांची ही लॅटिन रूपं. हंगेरीचा राजा दुसरा अँड्र्यू तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्वतःला या दोन्हींचा राजा म्हणवू लागला. १७७२ मध्ये पोलंडची पहिली फाळणी झाली तेव्हा मारिया थेरेसाने, हंगेरीची राणी म्हणून, हा साडेपाचशे वर्षांपूर्वीचा दावा बाहेर काढला आणि त्या आधारावर मुलूख घेतला. घेतल्यावर मात्र तो हंगेरीला न जोडता व्हिएन्नाच्या ताब्यात ठेवला. व्होलोदिमिर शहर तर मिळालंच नाही; ते १७९५ च्या तिसऱ्या फाळणीत रशियाकडे गेलं. ज्या शहरावरून लोडोमेरिया हे नाव आलं ते शहर लोडोमेरियाच्या राजाकडे नव्हतं.

त्याच १७७२ च्या वाटणीत ऑशविट्झ आणि झाटोर आले. आज हे नाव यादीत दिसलं की नजर थांबते, आणि थांबायलाच हवी. ते गाव पोलिशमध्ये ओश्वेंचिम. मध्ययुगात ती सायलेशियाच्या एका राजघराण्याची छोटी जहागीर होती. १४५७ मध्ये तिच्या ड्यूकने ती पोलंडच्या राजाला विकली आणि १५६४ मध्ये ती पोलंडच्या मुकुटात विलीन झाली. हॅब्सबर्गांच्या किताबातलं ऑशविट्झ ते आहे. नाझींनी तिथे छळछावणी काढली ती १९४० मध्ये, ऑस्ट्रिया-हंगेरी संपल्यानंतर २२ वर्षांनी. समाजमाध्यमांवर ‘ऑशविट्झचा ड्यूक’ एवढंच चित्र फिरतं आणि सोबत ही तारीख नसते. ती जरूर जोडावी.

इलिरियाचं राज्य खरोखर होतं, पण फक्त १८१६ ते १८४९. ज्या वर्षी फ्रान्झ योझेफ गादीवर पक्का होत होता त्याच वर्षी ते मोडलं आणि तरी तो मरेपर्यंत इलिरियाचा राजा राहिला. सर्बियाची व्होइव्होडशिप त्याहून अल्पायुषी. १८४९ मध्ये दक्षिण हंगेरीत, आजच्या व्होइव्होदिनाच्या आसपास, हा नवा प्रांत काढला आणि १८६० मध्ये रद्द केला. ग्रँड व्होइव्होड हे पद राहिलं. २८ जुलै १९१४ ला सर्बियाशी युद्ध पुकारणाऱ्या माणसाच्या किताबाची शेवटची ओळ सर्बियाच्या नावाची होती. दोन सर्बिया वेगळे, एक प्रांत आणि दुसरं सार्वभौम राज्य. ही तफावत माहीत नसली की वाचणारा भलतेच अर्थ काढतो.

किताबात काय नाही, हेही पाहावं. बोस्निया-हर्झेगोव्हिना १८७८ मध्ये ताब्यात घेतला, १९०८ मध्ये रीतसर जोडून घेतला, त्यावरून युरोपात युद्धाचं सावट आलं, आणि त्याचं नाव या यादीत कुठेच नाही. तो प्रांत ऑस्ट्रियाचा की हंगेरीचा, हे दोघांत ठरलंच नाही. म्हणून तो सामाईक अर्थखात्याच्या देखरेखीखाली चालवला गेला. जेरुसलेम यादीत आणि बोस्नियाचं सारायेव्हो बाहेर! या एका तफावतीवरून हॅब्सबर्ग राजवटीचा स्वभाव जितका कळतो तितका पानभर वर्णनातून कळणार नाही.

शेपटाकडची नावं बारीक असली तरी कामाची होती. होहेनएम्स, फेल्डकिर्श, ब्रेगेन्झ, झोनेनबर्ग या चार काउंटपदांचा मिळून आजचा फोरार्लबर्ग हा ऑस्ट्रियाचा पश्चिम टोकाचा प्रांत तयार होतो. फ्रान्झ योझेफची पत्नी एलिझाबेथ, म्हणजे सिसी, प्रवासात ओळख लपवायला ‘होहेनएम्सची काउंटेस’ हे नाव लावत असे. युक्ती साधी: खोटं नाव घ्यायचं नाही, स्वतःच्याच यादीतलं सर्वांत कमी ओळखीचं नाव निवडायचं. १८९८ च्या सप्टेंबरात ती जिनिव्हाच्या हॉटेलात याच नावाने उतरली होती. ती कोण हे तरीही बाहेर फुटलं आणि १० सप्टेंबरला लुइजी लुकेनी या अराजकवाद्याने सरोवराच्या काठी तिच्यावर कानशीने वार करून तिचा खून केला.

बोहेमियातल्या चेक लोकांचा या सगळ्यावरचा राग आणि लोभ दोन्ही खरे होते. १८७१ च्या सप्टेंबरात सम्राटाने बोहेमियाचे हक्क मान्य करून प्रागमध्ये राज्याभिषेकाचं आश्वासन दिलं आणि ते पाळलं नाही. हंगेरीत १८६७ मध्ये अभिषेक झाला होता, बोहेमियात कधीच झाला नाही. प्रागमध्ये त्याचं नाव पडलं ‘म्हातारा प्रोखाझ्का’. १९०१ मध्ये व्हल्टावा नदीवरच्या नव्या पुलाच्या उद्घाटनाला तो आला, छायाचित्राखाली ‘पुलावरचा फेरफटका’ अशी ओळ छापली गेली, आणि फेरफटका या अर्थाचा तो चेक शब्द नेमकं तिथलं नेहमीचं आडनावही असल्याने सम्राटाला आडनाव मिळालं, अशी आख्यायिका आहे.

भारताशी या किताबांचा संबंध दोन ठिकाणी येतो, आणि दोन्ही आपल्या किनाऱ्यावरचे. पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याने वास्को द गामा परतल्यावर, १४९९ मध्ये, आपल्या किताबात ‘इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान यांच्या विजयाचा, नौकानयनाचा आणि व्यापाराचा स्वामी’ ही ओळ घातली. गोवा पोर्तुगीजांनी घेतला १५१० मध्ये. आधी किताब, मग जमीन. पुढे १५८० पासून १६४० पर्यंत पोर्तुगालची गादी स्पेनच्या हॅब्सबर्गांकडे होती, म्हणजे ती ६० वर्षं गोव्याचे राजे हॅब्सबर्ग होते. ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक आणि हिंदुस्थानच्या व्यापाराचा स्वामी ही दोन्ही पदं तेव्हा एकाच माणसाकडे होती. जुन्या गोव्यातली व्हाइसरॉयची कमान त्याच काळात, १५९० च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली.

दुसरा दुवा मुंबईच्या टांकसाळीचा. मारिया थेरेसाचा चांदीचा थेलर तिच्या मृत्यूनंतरही, १७८० हेच साल ठेवून, पुन्हा पुन्हा पाडला गेला, कारण तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर लोकांचा या नाण्यावर विश्वास होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांना इथिओपियाच्या बाजूला खर्चायला नाणं हवं होतं, तेव्हा १९४०-४१ मध्ये ते मुंबईतही पाडलं. नाण्याचं वजन सुमारे २८.०७ ग्रॅम, चांदी हजारात ८३३. पुढच्या बाजूवरचा मजकूर लॅटिन आणि तोडून लिहिलेला: ‘एम. थेरेसिया, डी. जी., आर. इम्प., हु. बो. रेग.’ म्हणजे ईश्वरकृपेने रोमन सम्राज्ञी, हंगेरी-बोहेमियाची राणी. मागच्या बाजूला ऑस्ट्रियाची आर्चडचेस, बर्गंडीची डचेस, टिरोलची काउंटेस. बर्गंडीची मूळ डची फ्रान्सने १४७७ मध्येच घेतली होती. मुंबईत पाडलेल्या नाण्यावरही ती तशीच आहे.

राजवट संपल्यावर काय झालं? १९१९ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रियाच्या प्रजासत्ताकाने सरदारकीच रद्द केली. किताब वापरला तर २०,००० क्रोनेपर्यंत दंड. क्रोने हे चलन पुढे बंद झालं, रक्कम कायद्यात तशीच राहिली आणि युरोत तिचं रूपांतर काही सेंटांइतकं झालं. तरीही २०११ च्या जुलैमध्ये शेवटच्या सम्राटाचे पुत्र ओटो फॉन हॅब्सबर्ग यांच्या अंत्ययात्रेत, हॅब्सबर्गांचं दफनस्थान असलेल्या व्हिएन्नाच्या कॅपुचिन मठाच्या दारावर हे किताब पुन्हा वाचले गेले. दार ठोठावलं जातं, आतून विचारतात, ‘कोण?’ आधी राजघराण्याची सगळी पदं सांगतात. ‘आम्ही त्यांना ओळखत नाही.’ मग आयुष्यभराची कर्तबगारी सांगतात, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा ‘ओटो, एक मर्त्य, पापी माणूस’ म्हटल्यावर दार उघडतं. त्यांची आई, सम्राज्ञी झिटा हिच्या वेळी, १९८९ मध्येही असं झालं होतं. १९१६ मध्ये फ्रान्झ योझेफच्या वेळी हे झालं असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यावर विसंबून तसं लिहू नये.

नाणी जमवणाऱ्यांना मात्र हा किताब आजही हातात धरून वाचता येतो. क्रम असा ठेवावा. आधी साल पाहायचं. १८६६ पूर्वीच्या नाण्यांवर ‘लोम्ब. एट व्हेन.’ ही अक्षरं सापडतात, म्हणजे लोम्बार्डी आणि व्हेनेशिया. नंतरच्यांवर ती नाहीत. मग भाषा. लॅटिन असेल तर ऑस्ट्रियन अर्ध्याचं नाणं. ‘फेरेंट्स योझेफ’ असं हंगेरियन असेल तर बुडापेस्टच्या बाजूचं, आणि त्यावर ऑस्ट्रियाचा सम्राट आणि हंगेरी, क्रोएशिया, स्लाव्होनिया, डाल्मेशियाचा राजा एवढंच आद्याक्षरांत येतं. बोहेमियाचं नावही नाही. सोन्याच्या १०० कोरोनावर (कोरोना म्हणजे वरचंच क्रोने; ३३.८७५ ग्रॅम, सोनं हजारात ९००) राजेपदांत बोहेमिया, गॅलिशिया, इलिरिया, मग ‘इत्यादी’ आणि शेवटी वेगळा काढलेला हंगेरीचा अपोस्टोलिक राजा. लोडोमेरिया तिथे नाही. ती हवी असेल तर डुकाट घ्यावा: मागच्या बाजूला ‘हुंगार. बोहेम. गाल. लोड. इल. रेक्स ए. ए.’, शेवटचे दोन ‘ए’ म्हणजे ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक. साल १९१५ असेल तर ते नाणं जुनंच आहे असं समजू नये. व्हिएन्नाची टांकसाळ कोरोना आणि डुकाट दोन्ही त्याच सालाने अजून पाडते, आणि विकत घेताना भाव सोन्याच्या वजनाचा द्यायचा, दुर्मीळपणाचा नाही.